पोटॅशियम आयोडाइड वापरताना: बाटली निवडण्यापासून उरलेले द्रावण टाकण्यापर्यंत

पोटॅशियम आयोडाइडची बाटली हातात घेतल्यावर लेबलाच्याही आधी आतला रंग पाहावा. हा क्षार मिठासारखा पांढराशुभ्र असतो. बाटलीच्या काचेलगत किंवा झाकणाखाली स्फटिक फिकट पिवळे दिसू लागले असतील, तर हवा, ओल आणि उजेड या तिघांनी मिळून आयोडाइडचे थोडे ऑक्सिडीकरण केले आहे आणि मोकळे झालेले आयोडीन आपल्याला दिसते आहे, असे समजावे. सांगलीच्या हळद बाजारात पिवळा रंग जितका गडद तितका माल चांगला. या बाटलीत मात्र नेमके उलट आहे. मी सांगलीतील एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले. या क्षाराबाबत झालेल्या बहुतेक चुका, माझ्या आणि इतरांच्याही, या पिवळेपणाकडे दुर्लक्ष केल्यामुळे झाल्या. म्हणून पुढील मार्गदर्शनात हा रंग वारंवार येईल.

प्रयोगशाळेत सगळे याला नुसते ‘केआय’ म्हणतात. त्याचा रेणुभार १६६ असून त्यापैकी सुमारे ७६ टक्के वजन एकट्या आयोडीनचे असते. जगातील आयोडीनचा मोठा भाग चिली आणि जपान या दोन देशांतून येतो, त्यामुळे हा क्षार साध्या मिठाच्या तुलनेत बराच महाग पडतो आणि तो उधळून वापरणे परवडत नाही. त्याची घनता पाण्याच्या तिपटीहून थोडी जास्त आहे. त्यामुळे अर्धा किलोची बाटली अपेक्षेपेक्षा लहान दिसते आणि उचलताना हाताला अनपेक्षित जड लागते. काचेची बाटली एका हाताने मानेला धरून उचलण्याची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. पाण्यात तो अतिशय सहज विरघळतो. २० अंश सेल्सिअसला १०० मिलीलिटर पाण्यात सुमारे १४० ग्रॅम क्षार मावतो आणि विरघळताना तो पाण्यातील उष्णता शोषून घेतो, त्यामुळे बीकर हाताला चक्क गार लागतो. नव्या विद्यार्थ्यांना मी हा गारवा आधी हाताने अनुभवू देत असे, कारण एकदा अनुभवलेली गोष्ट ते परीक्षेतही विसरत नसत.

खरेदी आणि साठवण

खरेदी करताना गरजेपुरतीच करावी. वर्षभरात ५० ग्रॅम लागत असेल, तर ५०० ग्रॅमची बाटली स्वस्त पडते म्हणून घेण्यात काटकसर नाही. ती बाटली शंभर वेळा उघडली जाते आणि प्रत्येक वेळी थोडी दमट हवा आत जाते. साताऱ्याच्या पश्चिमेला, म्हणजे पाटण, जावळी, महाबळेश्वर या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने भिंतींनाही पाझर फुटतो. तेथे एकाच मोठ्या बाटलीऐवजी २५ ग्रॅमच्या चार छोट्या बाटल्या घेऊन एका वेळी एकच उघडावी. जत, आटपाडीकडच्या कोरड्या हवेत हाच क्षार बराच काळ शुभ्र राहतो, पण तेथे उन्हाची तिरीप हा शत्रू असतो. बाटली तपकिरी काचेची व घट्ट झाकणाची असावी, खिडकीपासून दूर बंद कपाटात ठेवावी आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवल्यास उत्तम. ब्लीचिंग पावडर, हायड्रोजन पेरॉक्साइड, पोटॅशियम परमँगनेट, नायट्रिक आम्ल किंवा संहत सल्फ्युरिक आम्ल यांच्या शेजारी ही बाटली कधीही ठेवू नये. यांपैकी कशाशीही संबंध आला तर आयोडीनच्या जांभळट, नाक झोंबवणाऱ्या वाफा निघतात. संहत सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत तर हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायूही निघू शकतो. रसायनांची मांडणी वर्णानुक्रमे करणाऱ्या प्रयोगशाळांत पोटॅशियम आयोडाइड आणि पोटॅशियम परमँगनेट एकाच फळीवर येतात. ही मांडणी शोधायला सोयीची असली तरी सुरक्षिततेच्या दृष्टीने वाईट आहे.

लेबलाचे महत्त्व मला ऑगस्ट २०१९ च्या महापुराने शिकवले. कृष्णेचे पाणी आमच्या तळमजल्यावरील प्रयोगशाळेत शिरले आणि ओसरल्यावर कपाट उघडले तेव्हा लेबले सुटून गाळात मिसळली होती. पांढऱ्या भुकटीच्या अकरा बाटल्या समोर होत्या आणि एकीवरही नाव नव्हते. ज्यांची झाकणे सैल होती त्या सरळ बाजूला काढल्या. उरलेल्यांपैकी केआय कोणती, हे ओळखण्यासाठी चिमूटभर नमुना पाण्यात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. आयोडाइड असेल तर पिवळा अवक्षेप, म्हणजे न विरघळता तळाशी बसणारा साका, मिळतो आणि तो अमोनियातही विरघळत नाही. क्लोराइडचा अवक्षेप पांढरा असतो आणि अमोनियात विरघळून जातो. त्यानंतर प्लॅटिनमच्या तारेवर ज्योतीत धरल्यावर फिकट जांभळी छटा दिसली, तेव्हा पोटॅशियमही निश्चित झाले. तरीही ती बाटली आम्ही टायट्रेशनसाठी, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून प्रमाण मोजण्यासाठी, वापरली नाही. फक्त गुणात्मक प्रयोगांना ठेवली. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक बाटलीवर कागदी लेबलाबरोबरच ऑइल पेंटने नाव आणि उघडल्याची तारीख लिहिली जाते. नदीकाठच्या शाळांनी एवढे तरी करावे आणि रसायनांचे कपाट वरच्या मजल्यावर हलवावे.

आयोडीनचे द्रावण तयार करणे

अनेकांचा असा समज असतो की केआयचे पाणी स्टार्चवर टाकले की निळा रंग येतो. तसा तो येत नाही. निळा रंग मोकळ्या आयोडीनचा असतो, आयोडाइडचा नव्हे. केआयच्या द्रावणाने स्टार्च निळा झालाच, तर तुमचे केआय जुने आणि पिवळे पडलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग केआय लागते कशाला? आयोडीन नुसत्या पाण्यात जवळपास विरघळतच नाही. एक लिटर पाण्यात जेमतेम तीन दशांश ग्रॅम मावते. आयोडाइड सोबत असेल तर दोघांचे मिळून ट्रायआयोडाइड बनते आणि ते पाण्यात खुशाल राहते. फ्रेंच वैद्य ज्याँ ल्युगोल यांनी १८२९ मध्ये वापरात आणलेले द्रावण याच तत्त्वावर उभे आहे. त्यात ५ टक्के आयोडीन आणि १० टक्के पोटॅशियम आयोडाइड असते.

स्टार्चच्या चाचणीसाठी एवढे तीव्र द्रावण लागत नाही. २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड सुमारे ५ मिलीलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवावे, त्या थोड्याशाच गाढ द्रावणात १ ग्रॅम आयोडीन टाकून काचकांडीने हलवत राहावे आणि तळाशी एकही काळा कण उरला नाही याची खात्री झाल्यावरच पाणी वाढवून १०० मिलीलिटर करावे. येथे क्रम चुकला की सारे बिघडते. आधी शंभर मिलीलिटर पाणी घेऊन त्यात दोन्ही एकदम टाकल्यास आयोडीनचे खडे तासभर तळाशी बसून राहतात आणि अधीर विद्यार्थी ते गरम करायला जातात. गरम करू नये. आयोडीनची वाफ डोळ्यांना आणि श्वासमार्गाला त्रासदायक असते. वजन करताना आयोडीन कागदावर किंवा धातूच्या पॅनवर न ठेवता काचेच्या भांड्यात घ्यावे, कारण ते धातू खाते आणि काट्याच्या पॅनवर कायमचे डाग पाडते. हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहेत. तयार द्रावण तपकिरी बाटलीत काचेच्या बुचाने बंद करावे. रबरी बूच काही आठवड्यांत कडक होऊन चिरते.

ज्यांना फक्त दुधातील किंवा खव्यातील स्टार्च तपासायचा आहे, त्यांनी हा सगळा खटाटोप करण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनमध्ये २ टक्के आयोडीन आणि अडीच टक्के पोटॅशियम आयोडाइड असतेच. खवा किंवा पनीर असेल तर दोन-तीन मिलीलिटर नमुना ५ मिलीलिटर पाण्यात उकळून, पूर्ण गार करून त्यात टिंक्चरचे दोन-तीन थेंब टाकावेत. दूध असेल तर उकळण्याचीही गरज नाही. निळा रंग आला तर स्टार्च मिसळलेला आहे. यात ‘पूर्ण गार’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. कराडजवळच्या एका दूध संकलन केंद्रावर प्रात्यक्षिक दाखवताना मी घाईने वाफाळत्या नमुन्यातच थेंब टाकले. रंग आला नाही आणि जमलेल्यांनी माल निर्भेळ असल्याचे जाहीर करून टाकले. तीच परीक्षानळी नळाखाली धरल्यावर तळापासून निळी छटा वर चढत गेली. स्टार्च आणि आयोडीनची गुंफण उष्णतेने सुटते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते, हे वर्गात पन्नास वेळा सांगूनही मी स्वतः विसरलो होतो.

सांगली जिल्ह्यासाठी एक सूचना वेगळी द्यायला हवी. हळद पावडरीतील भेसळ शोधण्यासाठी ही चाचणी वापरू नये. हळदीच्या कंदातच भरपूर नैसर्गिक स्टार्च असतो, त्यामुळे अस्सल हळदही गडद निळी-काळी होते. एखाद्याने असा प्रयोग करून दाखवला आणि व्यापाऱ्यावर आरोप केला, तर तो प्रयोगच चुकीचा आहे.

मिठातील आयोडीन तपासणे

पोटॅशियम आयोडाइडचा सर्वांत सुंदर उपयोग, माझ्या दृष्टीने, हा आहे. आपल्या स्वयंपाकघरातील आयोडीनयुक्त मिठात पोटॅशियम आयोडाइड नसून पोटॅशियम आयोडेट असते. आपल्या उष्ण, दमट हवेत आणि गोणीतल्या ओलसर मिठात आयोडाइड टिकत नाही, आयोडेट टिकते. हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गलगंडावर जो दीर्घ अभ्यास केला, त्यात एका विभागाला आयोडाइडचे, दुसऱ्याला आयोडेटचे आणि तिसऱ्याला साधे मीठ पुरवले होते; आयोडीन मिळालेल्या दोन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण घटले. १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे हे काम होते. आज किरकोळ विक्रीच्या टप्प्यावर मिठात आयोडीनचे प्रमाण दर किलोमागे किमान १५ मिलीग्रॅम असावे लागते.

आयोडेट आणि आयोडाइड आम्लयुक्त पाण्यात भेटले की दोघांचेही आयोडीन मोकळे होते. नुसते आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर चमचाभर मीठ थोड्या पाण्यात विरघळवून त्यात भाताच्या पेजेची गार निवळ, थोडे पांढरे व्हिनेगर आणि केआयच्या ताज्या द्रावणाचे काही थेंब टाकावेत. जांभळट निळा रंग येतो. उपवासाचे सैंधव घेतल्यास, त्यात वेगळे आयोडीन मिसळलेले नसेल तर, रंग येत नाही. व्हिनेगरऐवजी लिंबू पिळू नये, कारण लिंबातील क जीवनसत्त्व मोकळे झालेले आयोडीन पुन्हा आयोडाइडमध्ये बदलून टाकते आणि चांगले मीठही नापास ठरते.

प्रमाण मोजायचे असेल तर १० ग्रॅम मीठ सुमारे ५० मिलीलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवावे, त्यात २ नॉर्मल (‘नॉर्मल’ हे द्रावणाच्या तीव्रतेचे एकक) सल्फ्युरिक आम्ल १ ते २ मिलीलिटर आणि १० टक्के केआयचे द्रावण ५ मिलीलिटर घालावे, फ्लास्कला बूच लावून दहा मिनिटे अंधाऱ्या कपाटात ठेवावे आणि मग ०.००५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करावे. रंग गवताच्या वाळल्या काडीसारखा फिका झाला की स्टार्चचे द्रावण घालावे, आधी नव्हे. गडद आयोडीनमध्ये स्टार्च घातला तर निळा रंग चिवटपणे धरून राहतो आणि शेवटचा बिंदू पुढे सरकतो. निळा रंग नाहीसा होईपर्यंत जेवढे मिलीलिटर लागले, त्याला १०.५८ ने गुणले की दर किलो मिठातील आयोडीन मिलीग्रॅममध्ये मिळते. म्हणजे १५ मिलीग्रॅमचे मीठ साधारण १.४ मिलीलिटरवर थांबते. वाचन इतके छोटे असल्यामुळे अर्ध्या थेंबाचीही चूक दिसते, आणि केआय जरासे पिवळे असेल तर त्यातील मोकळे आयोडीन मिठाच्या नावावर जमा होते. म्हणून मीठ न घालता फक्त पाणी, आम्ल आणि केआय यांचे कोरे टायट्रेशन आधी करून ते वाचन वजा करावे. फ्लास्क अंधारात ठेवण्याचे कारणही हेच आहे: आम्लात उजेड आणि हवा मिळून आयोडाइडमधून जादा आयोडीन काढतात. दहा टक्क्यांचे द्रावण त्या दिवशीच तयार करावे आणि त्या दिवशीच संपवावे.

याच पद्धतीने गावच्या पाणीपुरवठ्याच्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडरीतील उपलब्ध क्लोरीनही मोजता येते. ५ ग्रॅम पावडर पाण्यात घोटून ५०० मिलीलिटर करावी, नीट हलवून त्यातील गढूळ द्रावणच २५ मिलीलिटर घ्यावे, त्यात २ ग्रॅम केआय आणि ५ मिलीलिटर असेटिक आम्ल घालून ०.१ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन करावे आणि आलेल्या वाचनाला १.४२ ने गुणावे. १७.६ मिलीलिटर लागले तर क्लोरीन सुमारे २५ टक्के. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरल्यास पावडरीतील क्लोरेटही मोजला जातो आणि मरगळलेली पावडर उगाच सशक्त ठरते. केआय आणि टीसीएल हे दोन्ही कोरडे पदार्थ एकमेकांजवळ येऊ देऊ नयेत, हे वर सांगितलेच आहे.

औषध म्हणून

पोटॅशियम आयोडाइड औषधातही वापरले जाते; स्पोरोट्रायकोसिस या त्वचेच्या बुरशीजन्य आजारावर त्याचे संपृक्त द्रावण देतात आणि शस्त्रक्रियेपूर्वी थायरॉइड शांत करण्यासाठीही ते देतात. मात्र प्रयोगशाळेच्या दर्जाची भुकटी कोणत्याही कारणाने तोंडात घालू नये. वारंवार पोटात गेल्यास तोंडात धातूसारखी चव येणे, लाळ आणि नाक वाहणे, मुरमांसारखे पुरळ येणे आणि थायरॉइडचे काम वाढणे किंवा मंदावणे असे परिणाम होतात. थायरॉइडचे रुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि तान्ही बाळे यांना हा धोका अधिक असतो. गलगंड दिसतो म्हणून घरीच आयोडीन सुरू करणे हा उपचार नाही. प्रौढ माणसाची रोजची गरज अवघी १५० मायक्रोग्रॅम असते आणि ती मिठातून भागते.

अणुदुर्घटनेच्या बातम्या आल्या की या गोळ्यांची चर्चा सुरू होते. प्रौढांची १३० मिलीग्रॅमची एक गोळी सुमारे १०० मिलीग्रॅम आयोडीन देते. थायरॉइड आधीच भरून गेल्यामुळे किरणोत्सारी आयोडीन-१३१ ला तेथे जागा उरत नाही. चेर्नोबिल दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पोलंडने लक्षावधी मुलांना आयोडाइड दिले ते याच कारणाने. पण ते फक्त आयोडीनपासून आणि फक्त थायरॉइडचे रक्षण करते. सीझियम किंवा इतर किरणोत्सारापुढे त्याचा काही उपयोग नाही, आणि योग्य वेळ, म्हणजे संपर्काच्या थोडे आधी किंवा लगेच नंतर, साधली नाही तर फायदा झपाट्याने घटतो. अशी गोळी शासनाने सांगितल्यावरच घ्यायची असते. ‘मग मीठ जास्त खाऊ का?’ असे मला अनेकांनी विचारले आहे. एका गोळीइतके आयोडीन १५ मिलीग्रॅमच्या मिठातून मिळवायचे तर साडेसहा किलोहून अधिक मीठ खावे लागेल.

सांडल्यास, लागल्यास, उरल्यास

कोरडा केआय सांडला तर ओल्या कागदाने टिपून घ्यावा. झाडूने उडवू नये, कारण धूळ डोळ्यांना झोंबते. डोळ्यात गेल्यास किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे. गिळला गेल्यास तोंड धुवून लेबलासह डॉक्टरांकडे जावे. आयोडीनच्या द्रावणाचे तपकिरी डाग फरशीवर, ॲप्रनवर किंवा बोटांवर पडले असतील, तर हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, पाच टक्के द्रावण लावताच ते डोळ्यांदेखत जातात. हायपो नसेल तर क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात चुरून लावावी. डाग काढण्यासाठी ब्लीच वापरू नये.

टायट्रेशन संपलेली द्रावणे एका मोठ्या बाटलीत साठवावीत, रंग उरला असल्यास हायपो घालून तो घालवावा, खाण्याच्या सोड्याने आम्ल शमवावे आणि भरपूर पाण्याबरोबर सिंकमध्ये सोडावीत. लेड नायट्रेट आणि केआयचा सोनेरी अवक्षेपाचा प्रयोग मुलांना फार आवडतो, पण त्यातील शिसे सिंकमध्ये जाता कामा नये. तो अवक्षेप गाळून, वाळवून, ‘शिशाचा कचरा’ असे लिहिलेल्या वेगळ्या बरणीत ठेवावा आणि बरणी भरली की घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावी.